उजवा खालचा कोपरा

कुष्टा मळीक म्हणाले,
"पासवर्ड म्हजोच, पूण तो म्हाका वळखना."
म्हणताना पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होते,
जणू मी त्या क्लाउडची धाकटी बहीण,
घरी जाऊन थोरल्याची समजूत काढीन.

डिचोलीहून पिसुर्ल्याला आले होते मी, स्कूटरवर,
डिकीत स्क्रूड्रायव्हर, पेनड्राइव्ह आणि डब्यातली उसळ.
दोन्ही बाजूंना खाणीच्या मातीचे ढीग,
त्यांच्यावर आता ऑस्ट्रेलियन बाभूळ माजलेली.

संगणक खाणीच्या ऑफिसातलाच.
वजनकाट्यावर सोळा वर्षं हे त्याच्यासमोर बसले,
ऑफिस आवरताना तो नऊशे रुपयांत घरी आणला.
सुलक्षावहिनी म्हणतात, म्हैस आली असती.
(नऊशेत? असो.)

मी माझं करत गेले.
अ‍ॅप काढलं, पुन्हा घातलं.
साठवलेली जुनी ओळख पुसली.
फायरवॉलला घटकाभर बाजूला बसवलं.
साइन-इनची पांढरी खिडकी उघडायची,
आत एक चक्र फिरायचं, फिरायचं,
मग: काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.
काय चुकलं ते सांगायची पद्धत नाही.
ब्राउझर जरा स्पष्ट बोलला,
या जोडणीवर भरवसा नाही म्हणाला.
मी राउटरला शिव्या दिल्या,
माझ्या मोबाइलचं इंटरनेट जोडलं.
तेच.
आणि त्याच मोबाइलवर तोच पासवर्ड
पहिल्या झटक्यात चालला!

तेव्हा पुन्हा एकदा पासवर्ड वाचायला वाकले.
पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर
चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी,
काट्यावरच्या पावतीचं ठळक अक्षर:
बायकोचं नाव आणि विहिरीची खोली.
नीट दिसेना म्हणून नखाने उचलली.

खाली घड्याळ.
एक जानेवारी दोन हजार अकरा.
मध्यरात्र उलटून सदतीस मिनिटं.
मला येऊनही तेवढाच वेळ झाला होता.

आतली बॅटरी कधीचीच मेलेली.
वीज गेली की हा मागे जायचा
आणि तिथूनच नव्याने मोजू लागायचा.
क्लाउड आपली कागदपत्रं दाखवत होता रीतसर,
हा म्हणत होता, यावरची तारीख तर अजून उजाडायचीय,
असल्या माणसाला घरात कसा घेऊ?
म्हणजे दार तिकडून बंद नव्हतंच.
कडी आमच्या बाजूने होती.

हे सगळं मी कुष्टाबाबांना सांगितलं. त्यांनी अर्धंच ऐकलं.
"एक जानेवारी," ते म्हणाले. "म्हजी रातपाळी आशिल्ली."
मग बराच वेळ काही नाही.
मग, झुझे नावाचा ड्रायव्हर
काट्याच्या खिडकीतून केकाचा तुकडा आत सारून गेला होता,
कागदावर तेल आणि लाल बोटं,
आणि मागे ट्रकांची रांग, दिवे थेट नाल्यापर्यंत.
"कितें वजन आशिल्लें, तें मात याद ना."

बॅटरी रुपयाच्या नाण्याएवढी. चाळीस रुपये.
काढलेली त्यांनी मागून घेतली, खिशात टाकली.

तारीख लावली. खिडकी उघडली,
चक्र दीडदा फिरलं, आणि आत.
एकेका फाइलीपुढे हिरवी खूण उतरत आली:
विहीर, शनिवार. विहीर, शनिवार. विहीर, शनिवार.
दोरीला गाठी मारून मोजलेलं पाणी,
खाणीतले पंप थांबले तेव्हापासूनचं,
सोमवारी पंचायतीला द्यायचं होतं.
चार शनिवार रिकामे होते.
"त्या वेळार हांव हॉस्पिटलांत," ते म्हणाले,
आणि वहिनींनी आतून सांगितलं की मोजलं होतं,
तिने मोजलं होतं, लिहायला कुणी विचारलं नाही.

निघताना तांब्या पुढे केला.
"आता तांबडें ना. पी."
मी तांब्यात पाहिलं, आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं.
प्याले.

माझ्या स्कूटरवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे.
दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागतं.